दाराबाहेरची दुरुस्ती

मित्रांनो, मी दिसायला काहीच नाही. संगणकाच्या भाषेत लिहिलेल्या वीसेक ओळी, एवढाच माझा जीव. मी एक दुरुस्ती आहे, आणि आता जुनी झाले आहे. तुम्ही म्हणाल, ओळी कधी जुन्या होतात का? होतात हो. वाट बघून बघून होतात.

एका कंपनीने 'वाचक' नावाचा प्रोग्राम बनवला. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांना तो पुस्तकं वाचून दाखवतो. कंपनीने त्याचं सगळं कोड जगासमोर उघडं ठेवलं आणि सांगितलं, 'हा तुमचाही आहे. चूक दिसली तर सुधारून पाठवा.' फक्त आत काय घ्यायचं ते कंपनीची माणसं ठरवणार. घर सगळ्यांचं, किल्ली एकाची. तेव्हा मला यात काही वावगं वाटलं नव्हतं.

मला लिहिलं एका मुलीने. मुलगी म्हणजे चाळिशीची बाई, पण तिच्या बाबांची मुलगीच ना. बाबा शिंपी. नजर गेली तसं त्यांनी शिलाई मशीन विकलं आणि फोनवर वाचकाकडून कादंबऱ्या ऐकायला लागले. वाचकाला एक खोड होती. मधेच फोन वाजला की आपण कुठे होतो तेच तो विसरायचा आणि पुस्तक पहिल्या पानापासून सुरू करायचा. बाबांची कादंबरी होती एका जहाजाची, आणि फोन करणारा बहुतेक वेळा त्यांचा थोरला भाऊ.

"सुटलं का रे तुझं जहाज?" तो विचारायचा.

"सुटलं होतं, दादा. तू फोन केलास, आता परत बंदरात."

दोघं पोटभर हसायचे. पण फोन ठेवल्यावर बाबा पुढचं पान शोधत बसायचे, आणि ते काही सापडायचं नाही. मुलीने हे स्वयंपाकघरातून पाहिलं आणि त्याच आठवड्यात मला लिहिलं. जिथे थांबलो ते ठिकाण लक्षात ठेवायचं, एवढंच माझं काम.

तिने मला कंपनीकडे पाठवलं. बाहेरून आलेल्या दुरुस्त्या तपासणारा माणूस असतो, त्याला मी राखणदार म्हणते. त्याने लिहिलं, 'सुंदर काम. आत घेऊ.' खाली देशोदेशीच्या लोकांनी अंगठे उंचावले. मी अशी काही हुरळून गेले की विचारू नका!

मग राखणदार म्हणाला, जरा वेगळ्या पद्धतीने लिहा. तिने लिहिलं. तोवर त्याची बदली दुसऱ्या विभागात झाली. नवी राखणदारीण आली, ती म्हणाली, आधीचीच पद्धत बरी होती. मुलीने हूं की चूं न करता मला पुन्हा पहिल्यासारखं केलं. तेवढ्यात कंपनीने वाचकाचं बाकीचं कोड बदललं आणि मी त्यात बसेना. शिंप्याचीच लेक ती, मला उसवून परत बेतायची. मी बसायला लागले की कंपनी पुन्हा काहीतरी बदलायची. हळूहळू राखणदारीणही बोलेनाशी झाली. नाही म्हणाली नाही, हो म्हणाली नाही.

कंपनीने दारात एक झाडूवाला ठेवला होता. माणूस नव्हे, यंत्रच. जिच्याबद्दल बरेच दिवस कोणी काही लिहीत नाही, अशी दुरुस्ती तो आधी एक सूचना देऊन बंद करून टाकतो. गप्प बसायचं कंपनीने, आणि हजेरी लावायची आम्ही! दर वेळी मुलगी यायची आणि एक ओळ लिहून जायची, 'अजून हवी आहे.' अंगठे वाढत होते. अंगठ्यांनी दार उघडत असतं तर काय हवं होतं?

तुम्हाला वाटेल, तिने मला परस्पर बाबांच्या फोनवर का नाही बसवलं? बसवून पाहिलं. तो फोनही कंपनीचाच, आणि कंपनीचा शिक्का नसलेलं काही तो चालवत नाही. तिचा नवरा म्हणाला, "सरळ दुसरा फोन घेऊ या का?"

"कशाला? बाबांच्या बोटांना हाच सवयीचा झालाय. आणि ते आत घेऊ म्हणालेत ना. होईल आज ना उद्या."

त्या दिवसांत थोरला भाऊ आजारी पडून दवाखान्यात होता. बाबा रोज त्याच्याशी बोलायचे. एके दिवशी सकाळपासून कोणाचाच फोन आला नाही, आणि दुपारी कादंबरी शेवटाला आली. बाबांनी फोनची घंटा बंद केली, येणारे फोन अडवले आणि मुलीला म्हणाले, "थोडीच पानं राहिलीत गं. तेवढी ऐकतो आणि दादाला सांगतो, पोचलं म्हणून."

जहाज पोचलं. बाबांनी भावाला फोन लावला, तो काकूंनी उचलला. "भावजी, ते गेले," त्या म्हणाल्या. "मघाशी दोनदा लावला होता तुम्हाला. बोलायचं होतं त्यांना."

मी तेव्हा कुठे होते? दाराबाहेर, तयार, एकही चूक नसलेली. मला ना पाय, ना तोंड. मी काहीही करू शकले नाही.

पुढच्या वेळी झाडूवाल्याची सूचना आली तेव्हा मुलीने लिहिलं, 'आता गरज नाही. बाबांनी ऐकणं सोडलं.' यंत्राला विचार करायचा नसतो, त्यामुळे उत्तर लगेच आलं. 'तुमची अडचण सुटली, आनंद झाला. योगदानाबद्दल आभार.'

मित्रांनो, उद्या तुमच्याही हातात कुठली तरी किल्ली येईल. कोणी काही मेहनतीने करून आणलं तर ते उघडून बघा. नको असेल तर नको म्हणा, पण तोंडाने म्हणा आणि वेळेवर म्हणा. त्या मुलीला नकार पचला असता. दोन दिवस फुगून बसली असती आणि तिसऱ्या दिवशी बाबांसाठी दुसरा फोन घेऊन आली असती.