दोन डाव्या बाह्या

खासदारसाहेब दर शनिवारी सकाळी औषधांच्या दुकानावरच्या खोलीत लोकांना भेटायचे. बाहेर खुर्च्या मांडायला जागा नव्हती, म्हणून लोक जिन्यात पायऱ्यांवर बसत आणि एकाचं काम झालं की सगळे एकेक पायरी वर सरकत. शिंपी पाचव्या शनिवारी आला तोवर त्याला जिना पाठ झाला होता. सातवी पायरी करकरायची. दहावीवर बसलं की खालून खोकल्याच्या औषधाचा वास यायचा.

"काय हो मास्तर, अजून व्हिसाच का?" वरच्या पायरीवरच्या बाईंनी विचारलं. त्या आपल्या गल्लीतल्या बंद दिव्यासाठी येत.

"व्हिसाच."

"माझा दिवा आधी लागेल, बघा."

"लागू दे. ती येईल तेव्हा उजेड असलेला बरा."

शिंप्याची बायको परदेशात होती. म्हणजे ती आपल्या घरीच होती, परदेशात तो होता. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. तो पुढे आला, दुकान थाटलं, आणि सहा महिन्यांत तुला आणतो म्हणाला. त्याला आता सव्वीस महिने होत आले होते. महिन्याच्या महिन्याला पत्र यायचं, आपला अर्ज विचाराधीन आहे.

"कोण एवढा विचार करतंय?" बायको फोनवर म्हणायची. "मी तुम्हाला होकार देताना इतका केला नव्हता."

दोघांचं काम असं होतं, की तो कापड कापायचा आणि ती शिवायची. त्याला सुई धरवत नसे, तिला कात्री मानवत नसे. लग्नाआधी दोघं वेगवेगळ्या दुकानांत अर्धी अर्धी कामं करत होती, लग्नानंतर एका दुकानात पूर्ण करू लागली. इथं आल्यावर त्याने दुसरा कारागीर ठेवून पाहिला. कोट उभा राहिला, पण अंगावर बसेना. मग त्याने कापलेले तुकडे पार्सलने तिच्याकडे पाठवायला सुरुवात केली. ती शिवून, इस्त्री करून परत पाठवायची. एका कोटाला सहा आठवडे लागत. गल्लीत दुकानाला 'सावकाश टेलर' म्हणत, आणि म्हणणारेच माप द्यायला येत.

त्या शनिवारी सचिवबाईंनी त्याला आत बोलावलं. खासदारसाहेब खिडकीशी बसून पेन्सिलीला टोक करत होते. ऐकताना त्यांच्या हाताला काहीतरी लागायचं.

"खात्याचं उत्तर आलंय," सचिवबाई म्हणाल्या. "मास्तर, तुम्ही बायकोला एक्केचाळीस पार्सलं पाठवलीत?"

"बेचाळीस. एक वाटेत असेल."

"आणि प्रत्येक पार्सलच्या फॉर्मवर लिहिलंत, व्यापारी माल. पाठवणार, मालक. घेणार, कारागीर."

"फॉर्मवर खरं लिहा असं छापलंय."

"भेटवस्तू असाही रकाना होता."

"कोटाचे तुकडे कोण भेट देतं, बाई?"

सचिवबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "खात्याचं म्हणणं असं, की हे लग्न दिसत नाही, धंदा दिसतो. मालक आपल्या कारागिराला बायको म्हणून आणतोय असा त्यांना संशय आहे. एका महिन्यात पुरावा द्या, नाहीतर अर्ज निकाली."

शिंप्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाला, "ती दोन्ही आहे."

"ते आम्हाला पटलं," खासदारसाहेब पेन्सिलीकडे बघत म्हणाले. "कागदाला पटायला हवं."

"फोनवर बोलता?" सचिवबाईंनी विचारलं.

"रविवारी, दहा मिनिटं."

"काय बोलता?"

"अस्तराचं."

"लग्नाचा फोटो?"

"आहे. पण त्यात आम्ही दोघंही माझ्या सासऱ्यांच्या कोटाकडे बघतोय. खांदा बसला नव्हता त्यांचा."

"पत्रं?"

"आहेत. म्हणजे होती." शिंप्याने हातातली टोपी उलटी केली, परत सुलटी केली. "मी कापडाच्या उलट्या बाजूला खडूने लिहितो. दोन ओळी, कधी चार. ती वाचते, शिवते, इस्त्री फिरवते. मग जातात."

"सगळी?"

"खडू जायलाच असतो, बाई. राहिला तर गिऱ्हाईक बोलेल."

शिंपी उठला, दारापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. एकोणीस वर्षांत त्याच्या कात्रीने एकदाच चूक केली होती. ती दुकानाच्या खणात, वर्तमानपत्राखाली, सगळ्यात तळाशी होती. ती चूक त्याने कुणालाही दाखवली नव्हती.

"एक बाही आहे," तो म्हणाला.

अर्ध्या तासाने तो ती कागदात गुंडाळून घेऊन आला. जिन्यातल्या लोकांनी वाट दिली. राखाडी लोकरीची, न शिवलेली बाही. कोट शाळेतल्या पियानोच्या सरांचा होता.

"उजवी कापायची होती," तो खाली बघत म्हणाला. "मी दोन्ही डाव्या कापल्या. तिनं ही न शिवता परत धाडली. इस्त्री नाही झालेली."

सचिवबाईंनी बाही टेबलावर उलटी पसरली. वरच्या दोन ओळी पांढऱ्या खडूच्या होत्या:

कॉलर झाली, खिसे झाले, बाही तेवढी राहिली,
घंटा वाजली दाराची अन् वाट तुझीच पाहिली.

खाली निळ्या खडूने, बारीक, सरळ अक्षरात:

बाही नीट कापा आधी, वाट नंतर बघा,
उजवा हात कुठं घालील गिऱ्हाईक तुमचं, सांगा.

बाईंनी ते एकदा मनात वाचलं, एकदा मोठ्याने. खासदारसाहेबांनी पेन्सिल खाली ठेवली.

"हे बायकोच बोलते," ते म्हणाले. "कारागीर मालकाला असं बोलत नाही. झेरॉक्स काढा."

बाही झेरॉक्सच्या काचेवर मावेना. तिच्या चार तुकड्यांत प्रती निघाल्या, आणि बाईंनी त्या चिकटपट्टीने जोडल्या. जोडलेल्या कागदावर त्यांनी लिहिलं, 'जोडपत्र तीन: बाही, डावी, एक.' खासदारसाहेबांनी पत्रावर सही केली. जिन्यातल्या बाईंना दिव्यासाठी त्या दिवशी पाऊण तास जास्त थांबावं लागलं. पण उघड्या दारातून बाही त्यांनीही पाहिली होती, म्हणून त्यांनी तक्रार केली नाही.

बारा दिवसांनी खात्याचं उत्तर आलं. प्रत अस्पष्ट, मूळ बाही सादर करावी.

"देऊन टाका," सचिवबाई म्हणाल्या. "पोच घेऊ आपण."

शिंप्याने बाही उचलून उजेडाकडे धरली. एवढ्या हाताळण्यानेच 'वाट' फिकट झाली होती. टपालाच्या पिशव्या, शिक्के, टेबलांवरून टेबलांवर. तिथं पोचेपर्यंत राखाडी लोकर तेवढी उरेल.

त्याने बाही घरी नेली. दुकान दोन दिवस बंद ठेवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी सचिवबाईंकडे आला तेव्हा डाव्या हाताच्या तीन बोटांना चिकटपट्ट्या होत्या. खडूच्या प्रत्येक अक्षरावरून त्याने धावदोरा घातला होता. त्याच्या ओळींवरून पांढरा, तिच्यावरून निळा. टाके कुठे लांब, कुठे तोकडे. 'गिऱ्हाईक'पाशी दोऱ्याची गाठच झाली होती.

सचिवबाई बराच वेळ बघत राहिल्या. "अक्षरं कळतात," त्या शेवटी म्हणाल्या. "शिवण मात्र वाकडी आहे, मास्तर."

"मी कापतो," शिंपी म्हणाला. "शिवणारी तिकडे आहे."

बाईंनी ते वाक्य पत्रात जसंच्या तसं उतरवलं आणि खाली शिक्का मारला.

नऊ आठवड्यांनी ती आली. एक पेटी, एक शिवणयंत्राचं डोकं, आणि पियानोच्या सरांचा एका बाहीचा कोट. गल्लीतला दिवा अजून लागला नव्हता, म्हणून शिंपी हातात बॅटरी घेऊन पुढे चालत होता. दुकानात आल्यावर तिने कोट खुंटीला टांगला, दोन पावलं मागे जाऊन खांदा पाहिला, आणि मग त्याच्याकडे पाहिलं.

"बारीक झालात."

"माप घे."

"घेईन. ती बाही कुठंय?"

"सरकारजमा. फाइलला लावली म्हणतात, परत मिळत नाही."

"आणि खडू कसा टिकला तिथवर?"

"वरून दोरा घातला."

"कुणी?"

शिंप्याने खणातली कात्री काढली, पुसली, परत ठेवली. "मी."

ती त्याचा हात उजेडाखाली घेऊन बोटं बघत राहिली. टोचल्याच्या खुणा कधीच भरून गेल्या होत्या, तरी तिने एकेक बोट तपासलं, कापडाचा धागा तपासावा तसं.

"मग जमा झाली तेच बरं झालं," ती म्हणाली. "कुणी बघितली असती तर दुकानाचं नाव गेलं असतं. कापड काढा. उजवी कापा आधी."

त्याने राखाडी लोकर पसरली आणि खडू उचलला.

"आता लिहू नका काही," ती यंत्राचं डोकं बसवत म्हणाली. "इथंच आहे मी. बोला."

त्याने उजव्या बाहीची पहिली रेघ ओढली.

"अस्तर कुठलं लावायचं?" त्याने विचारलं.