सुखी घरातला मिक्सर

बाबांचा हात पुन्हा निखळला होता. बेबीताईंनी तो काखेत धरला, ओठांतला स्क्रू काढून खांद्यात बसवला आणि वर्तमानपत्र धरलेली बोटं वर-खाली करून पाहिली. हात नीट हलत होता. एवढ्यात पार्कचे मॅनेजर सुशीलबाबू पायऱ्या चढून स्टेजवर आले.

"बेबीताई, कंपनीवाले आ रहे हैं. सोमवार को."

"कोनती कंपनी?"

"सुखदा."

बेबीताई हसल्या. "सुखदा तर कधीचीच मेली ना, बाबू."

"जी उठी. रायपूर में किसी ने नाम खरीद लिया. फिर से मिक्सर बनाएँगे. उनको ये घर चाहिए, पुराना, जैसा था वैसा. मशीनें ओरिजिनल हैं और चलती हैं, तो घर रहेगा. रंग उनका, पगार उनकी. नहीं तो मालिक ने बोल दिया है, तोड़ो और ट्रॅम्पोलिन लगाओ." सुशीलबाबूंनी आईच्या बाहुलीसमोरच्या मिक्सरवर टिचकी मारली. आवाज पोकळ आला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. "सब चालू है ना?"

"शो चालू हाय," बेबीताई म्हणाल्या.

ते खरं होतं. भिलाईत अहिवाऱ्याच्या रस्त्यावरच्या फुलवारी पार्कमध्ये पाळणे आले नि गेले, टॉय ट्रेनचे रूळ गंजले, पण 'सुखदा का सुखी घर' एक दिवसही बंद पडलं नव्हतं. नव्वदच्या दशकात सुखदा कंपनीने आपल्या मिक्सर, फ्रीज आणि वॉशिंग मशीनच्या जाहिरातीसाठी ते बांधून दिलं होतं. आत एक मोठा गोल स्टेज, भाकरीचे चतकोर पाडावेत तशा त्याच्या चार खोल्या. प्रेक्षक समोर खुर्च्यांवर बसत आणि स्टेज पाव-पाव फिरत जाई. सकाळी फायबरची आई चटणी वाटे, दुपारी कपडे धुई, संध्याकाळी फ्रीजमधून आजोबांना पाणी देई, आणि चौथ्या खोलीत दिवाळी असे. बाबा चारही खोल्यांत पेपर वाचत. बाहुल्या पुसायला म्हणून बेबीताई तिथे लागल्या. दोन-तीन वर्षांत कंपनीचा माणूस यायचा बंद झाला, तसं घर त्यांच्याच हातात आलं.

आता मिक्सरमध्ये लाल दिवा लागत असे आणि घरघर स्पीकरमधून येत असे. आत काही नव्हतं. वॉशिंग मशीनचंही तेच.

याला कारण दारावरची पाटी. सुखदा बंद पडली, तिची दुकानं गेली, पण अख्ख्या भिलाईत तिचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत फक्त या घरावर उरलं. त्यामुळे टाउनशिपमधल्या लोकांची समजूत झाली की कंपनीचं सर्व्हिस सेंटर पार्कात हलवलंय. बाया पिशवीत मिक्सर घालून यायच्या, पार्काचं तिकीट काढायच्या, मुकाट्याने पूर्ण शो पाहायच्या आणि दिवे लागले की स्टेजपाशी येऊन म्हणायच्या, "ताई, याचं कपलर गेलं." बेबीताईंनी कितीतरी जणींना समजावून परत पाठवलं. हे झुल्यासारखं हाय, दुकान नोहे. मग एकदा सेक्टर दोनमधली कांता मेंढे आली. तिच्या मिक्सरची मोटर जळाली होती. शो संपला तरी ती उठली नाही. बाहुलीकडे पाहत म्हणाली, "हिले का करायचा मिक्सर? हिच्या भांड्यात तर काहीच नाई."

बेबीताई उठून आत गेल्या. त्यांनी पेचकस आणला आणि बाहुलीची मोटर कांताच्या मिक्सरमध्ये बसवली. त्यानंतर कोणालाच नाही म्हणता आलं नाही. कपलर गेले, कार्बन गेले, वॉशिंग मशीनचा पट्टा गेला, टायमर गेला. याबद्दल बेबीताईंना कधी वाईट वाटलं नव्हतं. प्रेक्षकांना दिसायचं ते सगळं जागेवर होतं आणि बाकीचं उपयोगात होतं.

वैशाली नगरच्या घरी बेबीताईंचे यजमान कृष्णराव मोड आलेली मटकी निवडत बसले होते. स्टील प्लांटच्या रेल मिलमधून रिटायर झाल्यापासून स्वयंपाकघराची अर्धी ड्यूटी त्यांची होती.

"मागून आन सगळ्यायकडून," सगळं ऐकून ते म्हणाले.

"देल्लं परत मागतेत का?"

"मंग सांग त्याले, चोरी झाली म्हना."

"चोरी कावून सांगू? म्या देल्लं. चोरून देल्लं नाई. सुशीलबाबूच्या बायकोच्या मशीनचा पट्टा बी तिथलाच हाय."

कृष्णराव हसायला लागले. "हे त्याले मालूम हाय?"

"बायकोले मालूम हाय. बस झालं ना."

"म्हंजे तू का करशीन?"

"एक दिवसासाठी मागतो. शेजारनीकडून साखर मागत नाई का मानूस?"

त्यांचं असंच असे. अडचण आली की त्या ती आधी घरातल्या मापात आणून ठेवत. मग तिची भीती वाटत नसे.

सकाळी त्या सेक्टर दोनमध्ये गेल्या. दारातच सावजी मसाल्याचा वास आला. कांता दगडफूल, खसखस, सुकं खोबरं भाजून ते वाटून विकत असे. सुरुवातीला नागपूर-भंडाऱ्याकडची माणसं घेत, आता तेलुगू, मल्याळी शेजारीही घेऊ लागले होते. मुलीचं नर्सिंगचं शिक्षण याच्यावर चाललं होतं. मिक्सर चालू होता. झाकण दुसऱ्याच कंपनीचं, बटणाभोवती चिकटपट्टी, पांढरा रंग हळदीने पिवळा पडलेला.

बेबीताईंनी काम सांगितलं. कांताने हात पुसले.

"सोमवारची माही ऑर्डर हाय, बेबी. बारशाचा मसाला. दुपारी न्यायले येतेत."

"मंग राहू दे. मी पाहतो दुसरं."

"राहू दे कावून? मिक्सर येईन, पन मी संगं येईन. तुह्या त्या पुतळीच्या हातात देऊन मी घरी नाई बसनार." थोडं थांबून तिने विचारलं, "तिथं लाईटचा पॉइंट हाय का खरा? का तो बी देखावाच?"

"खरा हाय."

"मंग झालं. तिथंच वाटून घेतो."

टायमर नेलेल्या चंदाने तो काढून दिला, सुशीलबाबूंच्या बायकोने गुपचूप पट्टा. सोमवारी सकाळी बेबीताईंनी सगळं पुन्हा जागच्या जागी बसवलं. पहिल्या खोलीत फायबरच्या आईला थोडं मागे सरकवून कांता तिच्या शेजारी पाटावर बसली. बारशाच्या मसाल्याचे डबे तिने बाबांच्या पायाशी मांडले.

कंपनीकडून पराग नावाचा तरुण आला. आडनाव ठोंबरे, राहणार रायपूर, आजोळ गोंदियाचं. मराठी बोलता बोलता हिंदीत शिरायचा आणि त्याला ते कळायचंही नाही. तो मागच्या रांगेत बसला. सुशीलबाबू त्याच्या शेजारी.

स्टेजवर सकाळ झाली. गाणं लागलं, सुखदा है जहाँ, सुख है वहाँ. बाबांनी पेपर उघडला. आणि मिक्सर सुरू झाला. स्पीकरमधली बारीक घरघर त्या खऱ्या आवाजाखाली दबून गेली. पराग खुर्चीत पुढे सरकला. मग वास आला. लवंग, मिरी, लाल मिरची. सुशीलबाबूंना आधी शिंक आली, मागोमाग परागला. दोघे शिंकत राहिले. स्टेज फिरू लागला तरी कांताने झाकणावरचा हात काढला नाही. मसाला वाटत वाटतच ती भिंतीआड गेली.

शो संपल्यावर पराग रुमालाने डोळे पुसत स्टेजवर चढला.

"मावशी, ये मिक्सर यहाँ का है?"

"मोटर इथली हाय. बाकी माहा हाय," कांता म्हणाली.

परागने बेबीताईंकडे पाहिलं. त्यांनी सगळं सांगितलं, पाटीपासून पट्ट्यापर्यंत. आवाज वाढवला नाही, कमीही केला नाही. सुशीलबाबू मध्ये "अरे" म्हणाले. पट्ट्याचा विषय निघाल्यावर मात्र नाक पुसायला लागले. घरी परवा काही ऐकलं असावं.

पराग रागावला नाही. तो गुडघ्यावर बसला, मिक्सर आडवा करून तळाच्या जाळीतून मोटरवरचा नंबर वाचला आणि बराच वेळ तिथे हात लावून राहिला.

"ही पहिल्या लॉटची मोटर आहे," तो म्हणाला. "आमच्याकडे एक पण नाही. सगळं भंगारात गेलं. मी आवाजावरूनच ओळखलं." त्याने वर पाहिलं. "बेबीताई, घर राहील. मी बोलतो सरांशी. पण ही मोटर इथेच राहायला पाहिजे, काचेच्या आत, सीलबंद. मावशींना कंपनी नवा मिक्सर देईल, टॉप मॉडेल."

सुशीलबाबूंचा चेहरा सैल झाला. "हो गया फिर."

कांताने मिक्सरच्या अंगावरून फडकं फिरवलं. "ठेवून घ्या," ती म्हणाली. "बेबीचं घर राहते ना, मंग ठेवून घ्या."

बेबीताईंनी परागला विचारलं, "नवीनवाला सुका मसाला दळन का? असा, दिसभर?"

परागने रुमाल खिशात ठेवला. खोटं बोलता आलं असतं. "दिवसभर नाही," तो म्हणाला. "घरगुती आहे ना. थोडा वेळ चालवून थंड होऊ द्यायचा. अब मोटर उतनी भारी नहीं आती."

"मंग नाई जमनार."

"बेबी," कांता म्हणाली, "माहं मी पाहून घेतो. दुसरा घेईन मोठा. तुही नोकरी पाय."

"तू घेशीन, मले मालूम हाय. पोरीची फी भरून घेशीन का न भरता?"

"ते माह्या घरचं हाय."

"अन् हे माह्या घरचं." बेबीताईंनी प्लग काढला आणि वायर गुंडाळायला घेतली. "बाहुलीले भूक लागत नाई, कांता. डबे उचल. बारशावाले येतीन तुह्या दारी."

परागने तिथूनच रायपूरला फोन लावला. तो बाजूला जाऊन बराच वेळ बोलला. दोनदा त्याचा आवाज चढलेला ऐकू आला, "सर, चल रही है, वही तो बात है." परत आला तेव्हा त्याने नकारार्थी मान हलवली.

"तुम्ही मोठ्या कंपनीचे, तुमाले कायदे असतेत," बेबीताई म्हणाल्या. "मसाला घेऊन जा थोडा. आईले द्या. गोंद्याकडची हाय ना, तिले आवडन."

कांताने खरंच पुडी बांधली. परागने ती दोन्ही हातांनी घेतली.

आठवड्याने मालकाचा ठेकेदार घण आणि कटर घेऊन आला. बेबीताई दारातच उभ्या होत्या. त्या सुशीलबाबूंना म्हणाल्या, "फोडू नका. खोलतो मी. जे कामाचं हाय ते काढतो, मंग तुमची माती तुमी न्या."

"टाइम लगेगा, ताई."

"लागू द्या."

सुशीलबाबूंनी ठेकेदाराला दुपारनंतर यायला सांगितलं. बायकोने सकाळी डब्यात बेबीताईंसाठी वेगळी भाजी दिली होती, तीही त्यांनी काउंटरवर ठेवली.

बेबीताईंनी दिवाळीपासून सुरुवात केली. आधी तारा, मग दिवे, मग भिंती. ज्या क्रमाने घर उभं राहिलं असेल त्याच्या उलट. फ्रीजचं दार काढलं, पंख्याची पाती काढली. मधल्या भिंती निघाल्यावर चारही खोल्या एकमेकींना दिसू लागल्या. चार आया आणि चार बाबा एकाच वेळी उजेडात आले. ते इतके सारखे होते की बेबीताईंना क्षणभर हसू आलं.

बाहेर ऊन चढलं. दार उघडंच होतं. एक कुटुंब सावलीला आत शिरलं आणि खुर्च्यांवर बसलं, नवरा-बायको, एक म्हातारी, एक लहान मुलगी. त्यांना बहुधा कोणी काही सांगितलं नव्हतं. मुलीने पाय हलवत विचारलं, "मम्मी, शुरू कब होगा?"

"हो रहा है ना. देख."

बेबीताईंना पाठीवर नजर जाणवली. त्यांनी वळून पाहिलं नाही. पदर कमरेला खोचला, सकाळच्या खोलीतल्या ओट्याखालचा बोल्ट पान्यात धरला आणि घाई न करता, सगळ्यांना दिसेल असं थोडं बाजूला सरून, तो फिरवायला लागल्या.