शेवटी नाव सांगतात

मित्रांनो, शाळेच्या माळ्यावर ज्या लाकडी पेटीत कोंबडी अंडी घालते ना, ती पेटी म्हणजे मी. हसा, हसा! मी कासार आंबोलीच्या चावडीतला जुना रेडिओ आहे. आता गुराख्याच्या खांद्यालाही ट्रान्झिस्टर लटकतो. पण माझ्या उमेदीच्या काळात साऱ्या गावाला मिळून मी एकटा होतो, आणि माझा रुबाब काय सांगू!

पुण्याहून एस.टी.च्या टपावर बसून मी आलो, तेव्हा बायकांनी मला हळदकुंकू लावलं होतं. माझी बॅटरी दोन विटांएवढी. ती संपली की नवी यायला फार दिवस लागत. म्हणून सरपंच हैबतराव मला कपाटात ठेवत आणि किल्ली कनवटीला लावत. कार्यक्रम संपत आला, की त्यांचा हात माझा कान पिळायला पुढे यायचाच. "बास! बॅटरी जळतीया."

संध्याकाळी चावडीत पुरुष बसत. दुपारी बायकांचा कार्यक्रम लागे, तेव्हा बायका बाहेर उंबराखाली बसत. चावडीची पायरी चढायची त्यांची रीत नव्हती. मग माझा आवाज मोठा करत. त्या बायकांत मांडीवर सूप घेतलेली रंभाबाई असायची. ती फारशी बोलत नसे.

एका दुपारी जात्यावरच्या ओव्या लागल्या. एक बाई गाऊ लागली,

"जातं बुडालं पाण्यात, सई, दाणं कुठं घालू गं..."

रंभाबाईच्या हातून सूप निसटलं. "अगं बया! ही तर माझी साळू!"

रंभाबाई आणि साळूबाई एका गावच्या, एका जात्यावर दळणाऱ्या पोरी. धरणाचं पाणी आलं, गाव बुडालं, माणसं वाट फुटेल तिकडे गेली. निघायच्या दिवशी दोघींनी रडत रडत ही ओवी रचली होती. ती तिसऱ्या कुणाला ठाऊक नव्हती. पुढे साळू कुठे गेली, आहे की नाही, काहीच कळलं नव्हतं.

ओव्या संपल्या. निवेदिका म्हणाली, "या ओव्या गाणाऱ्या होत्या..." आणि खट्! हैबतरावांनी माझा कान पिळला.

अहो, नाव माझ्या ओठांवर होतं! "दादा, गाव सांगत व्हती की ती!" रंभाबाई बाहेरून ओरडली. मला पुन्हा लावलं, तर बाजारभाव सुरू झालेले. ती सूप तिथेच टाकून घरी गेली. हैबतरावांनी लगेच पोस्टाचं कार्ड मागवलं. त्यांनी ते रेडिओ केंद्राला टाकून गाणारीचं गाव विचारलं, पण उत्तर काही आलं नाही.

मग वर्ष सरत आलं. निवेदिकेने सांगितलं, वर्षभरातले आवडते कार्यक्रम पुन्हा लावणार आहोत, तुम्हाला कोणता हवा ते कळवा. झालं! चावडीत नुसता गोंधळ. नथूला लोकनाट्य हवं होतं. कुशाबा म्हणाला, "पिकावरच्या रोगाचं भाषान लई ग्वाड व्हतं." लबाड कुठला! त्या भाषणात तो घोरत होता, मी स्वतः ऐकलंय.

"गप बसा," हैबतराव म्हणाले. "रंभाआक्काच्या ओव्या कळवायच्या."

 कार्डावर सगळ्यांनी अंगठे उठवले. आणि काय सांगू, ओव्या निवडल्या गेल्या! वारही कळला. पण माझी बॅटरी धापा टाकत होती आणि नवीचा पत्ता नव्हता. चावडीचा शिपाई गेणबा याने ती पापडांशेजारी उन्हात ठेवली, ऊब लागून थोडा जीव धरेल म्हणून. तोवर मला कुणी हात लावायचा नाही, असं ठरलं. त्यात नथूचं लोकनाट्य बुडालं, तरी तो मला लावा म्हणायला चावडीकडे फिरकला नाही.

त्या दुपारी माझा आवाज अगदी खोल गेला होता. उंबरापर्यंत तो पोचणं शक्यच नव्हतं. हैबतराव दारात येऊन म्हणाले, "आक्का, वर या. हितं माज्याजवळ बसा."

रंभाबाई जन्मात पहिल्यांदा ती पायरी चढली. तिने माझ्या जाळीला कान लावला. ओव्या झाल्या. हैबतरावांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले होते. मी होतं नव्हतं तेवढं बळ एकवटलं आणि बोललो, "गाणाऱ्या होत्या साळूबाई, मुक्काम मुठा." आणि विझलो.

"मुठा?" रंभाबाई हसतही होती, रडतही होती. "आवो, ह्यो डोंगर उतरला की मुठा! लाकडं आनाया मी त्याच डोंगरावर जाती की वं!"

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती डोंगर चढली. आठवड्याने दोघी मिळून चावडीत आल्या. माझी बॅटरी तेव्हाही आली नव्हती. त्या माझ्यासमोर बसल्या आणि तीच ओवी गायल्या. जन्मभर मी बोललो आणि गावाने ऐकलं. त्या दिवशी मी ऐकलं, मित्रांनो, आणि मला फार फार बरं वाटलं.

मला दुरुस्त करा असं मी म्हणत नाही. कोंबडीची सोय झालीय, ती होऊ द्या. फक्त तुमच्या ट्रान्झिस्टरचा कान पिळायची घाई करू नका. गाणं संपल्यावर गाणाऱ्याचं नाव सांगतात. तेवढं ऐका. बाहेर उंबराखाली कुणीतरी त्या एका नावासाठी बसलेलं असतं.