यंदाचं वर्ष किरणचं

"हातमोजे काढ आणि हिला दे," सुलक्षणा मॅडम म्हणाल्या.

किरणने आधी मॅडमकडे पाहिलं, मग त्यांच्या मागे उभ्या असलेल्या मुलीकडे. उंच, काटक, लांब हातांची पोरगी. पायातले बूट कुणाचे तरी उसने असावेत, कारण पाऊल उचललं की टाच बाहेर येत होती.

"ही ललिता. फर्स्ट इयरला आलीय. चोपड्याच्या वर, सातपुड्यातलं गाव. आश्रमशाळेत हँडबॉल खेळायची. जरा बघू, हात कसे आहेत."

किरणने हातमोजे काढले. आतून घामाने ओले झाले होते. ललिताने ते चढवले आणि गोलच्या दोन खांबांमध्ये जाऊन उभी राहिली. मॅडमनी रत्नाला चेंडू मारायला सांगितलं. रत्ना कॅप्टन, तिची लाथ अशी की मागच्या वर्षी वसतिगृहाच्या खिडकीची काच गेली होती. तिने पहिला चेंडू छातीच्या उंचीवर मारला. ललिताने तो झाडावरचा आंबा काढावा तसा हवेतून काढून घेतला. दुसराही. तिसऱ्याला रत्नाने कोपरा धरला. ललिता पडली ती धप्पकन, पोत्यासारखी, पण चेंडू हातातच होता.

मॅडमनी शिट्टी तोंडातून काढली.

पारोळ्याच्या या कॉलेजात मुलींचा फुटबॉल संघ उभा करणं म्हणजे दरवर्षी नव्याने चूल मांडणं होतं. कबड्डी, खो-खोला मुली मिळत; फुटबॉल म्हटलं की घरचे आधी चड्डीचं विचारत. किरण पहिल्या वर्षी संघात आली तेव्हा गोलमध्ये उभं राहायला कुणी तयार नव्हतं. काळ्या मातीचं मैदान. उन्हाळ्यात दगडासारखं, पावसाळ्यात लगद्यासारखं चिकट. त्यात मुद्दाम अंग टाकायचं कुणी? दिपमाला नावाची एक सीनियर टाकायची आणि तिच्यामागे राखीव म्हणून किरण. दोन वर्षं किरण संघाबरोबर सगळीकडे गेली, बाकावर बसली, पाण्याच्या बाटल्या सांभाळल्या, दिपमालाला सरावात चेंडू टाकले. एकदाही उतरली नाही. पण दिपमाला यंदा पास होऊन पोलीस भरतीच्या मागे लागली, आणि जाताना किरणच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "आता तुझं राज्य."

यंदाचं वर्ष किरणचं होतं. त्यासाठी तिने मोल दिलं होतं, आणि ते तिच्याखेरीज फक्त तिच्या आईबापाला माहीत होतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला स्थळ आलं. मुलगा दीपक, धुळ्यात ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये कामाला. किरण नाही म्हणाली. आई सुंदरबाई रडली, मामा येऊन समजावून गेला, तरी नाहीच. शेवटी एका दुपारी वडील, झुलाल आबा, कपाशीच्या रानातून आले, हातपाय धुतले आणि तिच्यासमोर बसले.

"पोरगा चांगला शे. घरना लोके बी चांगला शेत. तुले काय व्हई राहिनं?"

"माले खेयनं शे, आबा."

"कितला दिन खेयशी?"

ती म्हणाली, "यंदानं वरीस खेयू द्या. मंग मी हां म्हनस."

झुलाल आबांना हसूच आलं. डोक्यावरचं ओझं इतक्या स्वस्तात उतरेल असं त्यांना वाटलं नव्हतं. "इतलंच ना? खेय ना मंग. कोन नही म्हनस?"

आणि त्यांनी शब्द पाळला. मुलाकडचे आषाढाच्या आधी बार उडवून द्या म्हणत होते. आबांनी त्यांना समजावून लग्न तुळशीच्या लग्नानंतर नेलं. सुपारी फुटली. दीपक फोन करायला लागला. बोलायला बरा होता. तिचा सामना धुळ्याला असला की शोरूममधल्या सगळ्यांना घेऊन बघायला येणार म्हणाला. किरणला वाटलं, व्यवहार तसा वाईट झाला नाही.

आता मॅडम म्हणत होत्या, "किरण, हिला पडायला शिकव. हात चांगलेत, पण पडता येत नाही. हाडं मोडून घेईल."

त्या दिवसापासून सगळ्यांच्या आधी किरण मैदानावर यायची आणि ललिताला पडायला शिकवायची. आधी मांडी टेकवायची, मग कमर, मग खांदा. हात कधीच टेकवायचा नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, कोपरं सोलून घेत ती शिकली होती. ललिता ऐकून घ्यायची. मराठी ती जपून बोलायची. चुकली की एवढीशी व्हायची. वसतिगृहाच्या मुलींतही ती फारशी मिसळत नव्हती, पण किरण आली की मैदानाच्या कडेचा दगड सोडून लगेच उठायची.

एके दिवशी मॅडमनी सगळ्यांसमोर ललिताचं कौतुक केलं, "हिची उंची बघा, अशी गोलकीपर आपल्या विद्यापीठात नाही." त्या संध्याकाळी किरणने चेंडू टाकले ते दात-ओठ खाऊन. जवळून, जोरात, एकामागून एक. एक थेट ललिताच्या तोंडावर बसला. नाकातून रक्त आलं.

"लागलं का?" किरणने विचारलं. आवाजात काळजीपेक्षा राग जास्त होता.

ललिताने बाहीने नाक पुसलं. "नाही. अजून टाक."

"बस झालं आजच्यापुरतं."

"टाक ना. मला तुझ्यासारखं जमत नाही. तू पडते तेव्हा आवाज येत नाही."

किरणला रडू येईलसं झालं. ही पोरगी भांडली असती, उलट बोलली असती, तर बरं झालं असतं. तिने चेंडू उचलला आणि या वेळी हळू टाकला.

गणपती उठले आणि भडगावच्या कॉलेजचा संघ सरावाच्या सामन्यासाठी आला. मॅडम म्हणाल्या, पहिला हाफ किरण, दुसरा ललिता. यावर ठरेल असं काही त्या म्हणाल्या नाहीत, पण सगळ्यांना कळलं.

किरण त्या दिवशी जशी खेळली तशी पुन्हा कधी खेळली नाही. भडगावची एक बुटकी, तुरतुरीत पोरगी रत्नाला चुकवून एकटीच आत घुसली. किरण तिच्या पायांवर झेपावली आणि चेंडू पोटाशी घेऊन गुडघ्याचा मार बरगडीत खाल्ला. मग उजव्या कोपऱ्यातला एक, जमिनीलगत, चिखलात घसरत आलेला. बोटांच्या टोकांनी तिने तो बाहेर ढकलला. बाहेर बसलेल्या मुली ओरडल्या, "किरऽऽण!" रत्नाने येऊन तिला मिठी मारली. बरगडी अशी दुखली की डोळ्यांत पाणी आलं, पण ती हसत होती.

दुसऱ्या हाफमध्ये ललिताच्या हातातून एक साधा चेंडू निसटला आणि गोल झाला.

सामना संपल्यावर मॅडमनी सगळ्यांना गोल करून बसवलं आणि धुळ्याला विद्यापीठाच्या स्पर्धेत कोण कुठे खेळणार ते सांगायला सुरुवात केली. "गोलमध्ये ललिता. राखीव किरण." आणि पुढच्या नावाकडे गेल्या.

रत्नाने चमकून किरणकडे पाहिलं. ललिता मान खाली घालून बुटाच्या नाडीशी खेळत राहिली.

सगळ्या गेल्यावर किरण क्रीडा विभागाच्या खोलीत गेली. मॅडम ओल्या जाळ्या खिळ्यांना अडकवत होत्या.

"मॅडम, मी एक पण गोल खाल्ला नाही."

"माहितीये."

"मग?"

मॅडमनी हातातली जाळी खाली ठेवली. "किरण, तुझं लग्न ठरलंय. एम.ए.ला आता तू थांबणार नाहीस."

"तुळशीच्या लग्नानंतर आहे, मॅडम. तोवर सीझन संपतो."

"तोच तर प्रश्न आहे. तू यंदा खेळशील आणि जाशील. ललिता अजून तीन वर्षं आहे. तिला आत्ता सामने मिळाले तर पुढच्या वर्षी ती तयार असेल. नाहीतर पुढच्या वर्षी मी पुन्हा कोरी पाटी घेऊन बसू?" त्यांचा आवाज चढला. "बारा वर्षं हेच करतेय मी. पोरगी तयार झाली की पत्रिका येते हातात. दिपमालाच्या आधी एक होती, तिच्या आधी एक. मला पण वाटतं ना गं, एकदा तरी विद्यापीठाचा कप आणावा."

"पण मी यंदा खेळायला मिळावं म्हणूनच लग्नाला हो म्हटलं, मॅडम."

खोलीत ओल्या जाळ्यांचा कुबट वास भरून राहिला होता.

"लग्न मोडून आले तर उभं कराल?" किरणने विचारलं.

"असं बोलू नये, किरण."

"म्हणजे नाही."

मॅडमनी जाळी पुन्हा उचलली. किरण बाहेर पडली.

घरी तिने सांगितलं तेव्हा आबा जेवणावरून अर्धे उठले. "मी येस सकाय तुन्हासंगे. त्या बाईले इचारस, आमनी पोर काब्र बाहेर बसाडी?"

"नका येऊ, आबा."

"आम्हीन त नही म्हनेल नही. लगन बी पुढे ढकलं तुन्हासाठे."

हे खरं होतं. आबांनी दिलेला शब्द पाळला होता. मॅडमही चुकीचं बोलत नव्हत्या, आणि ललिताने तर काही मागितलंच नव्हतं. कुणावर ओरडावं तेच किरणला कळेना. तिने पुढ्यातली भाकरी नुसती कुस्करली आणि ताट सरकवलं. सुंदरबाईने तिच्या बरगडीला तेल-हळद लावली. तिचा हात लागला तशी किरण एकदम खेकसली, "हयू लाव ना वं!" आणि मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

जायचं नाही, असं तिने पक्कं केलं होतं. पण धुळ्याच्या दिवशी पहाटे ती उठली, बॅग भरली आणि एसटीला उभी राहिली. घरी बसून काय करणार होती? दीपकचा फोन आला होता, "शोरूममधले दोघं येतायत माझ्याबरोबर. जरा उशीर होईल, पण येतोच." राखीव आहे हे सांगायला तिची जीभ उचलली नाही.

धुळ्याच्या मैदानावर रात्रीच्या पावसाचा चिखल होता. समोरचा संघ नवखा निघाला. रत्नाने सुरुवातीलाच एक गोल मारला, हाफनंतर आणखी एक, मग तिसरा. ललिताने दोन चांगले चेंडू अडवले. एकाला ती डावीकडे पडली. आधी मांडी, मग कमर, मग खांदा. अजिबात आवाज आला नाही. बाकावर बसलेल्या किरणला ते दिसलं, आणि आपल्याला आनंद झालाय की जळतंय, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

सामना संपत आला तशी मॅडम बाकाजवळ आल्या. "किरण, जा. खेळ थोडं."

हा पुढे टाकलेला तुकडा होता, हे तिला कळत होतं. नको म्हणावं असंही एक क्षण वाटलं. पण पाय आधीच उठले होते. ललिता धावत बाहेर आली, तिने हातमोजे काढून दिले आणि म्हणाली, "तिकडून डावीकडची पोरगी जोरात मारते. सांभाळ." किरण मैदानात धावली. तीन वर्षांत पहिल्यांदा.

ती खांबांच्या मध्ये उभी राहिली. गुडघ्यात वाकली, हात उघडे ठेवले. चेंडू पलीकडे होता. समोरच्या मुली दमल्या होत्या, मधली रेषा ओलांडायचं त्राण त्यांच्यात नव्हतं. एकदाच एक चेंडू रेंगाळत तिच्या दिशेने आला. "सोड! माझा!" किरण ओरडली आणि पुढे धावली. पण मध्ये असलेल्या रत्नाने सवयीने तो बाहेर उडवून दिला. "काळजी नको करू गं!" रत्ना हसत म्हणाली.

मग लांब शिट्टी वाजली. सगळ्या मुली एकमेकींवर जाऊन पडल्या. किरणलाही कुणीतरी ओढून घेतलं.

दीपक दोन मित्रांसह कुंपणाशी उभा होता. नुकताच पोचला असावा, कपाळावर घाम होता. "भारी!" तो म्हणाला. "एक पण गोल होऊ दिला नाहीस."

"माझ्याकडे चेंडू आलाच नाही," किरण म्हणाली.

तो मित्रांकडे वळून हसला. "बघा, कशी बोलते." चेहऱ्यावर खरोखरचा अभिमान होता.

घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली. सुंदरबाईने बॅगेतून कपडे काढले, जर्सी उलटीसुलटी करून उजेडात धरली. कुठेही चिखलाचा डाग नव्हता.

"हाई त मयेल बी नही वं. घडी करीसन ठी दे."

"नही माय. धवनं शे."

"जयगावले परत जानं शे का?"

"हां. परवा पुढला सामना शे."

"तठे तरी खेयू दिन का ती बाई?"

"नही."

"मंग कसाले जास?"

"टीम जाई राहिनी ना," किरण म्हणाली. तिने आईच्या हातातून जर्सी घेतली, मोरीत बसली आणि बादलीत बुडवली. साबण लावला. कॉलर चोळली, कोपरं चोळली, पोटावरचा भाग दोन्ही मुठींत धरून घासला. मग पिळली. पाणी स्वच्छच निघालं. तिने बादली ओतली, दुसरं पाणी घेतलं आणि जर्सी पुन्हा बुडवली.