बुटातला ब्रश

दाजी ऑफिसात लोकांना शिस्त शिकवायचे. तेही पगार घेऊन. घरी मात्र अंघोळ झाली की आतून बोंब, "अगं, टॉवेल!" मग त्यांची बायको, म्हणजे मामाची ताई, हातातलं टाकून धावायची. बनियन, मोजे, चष्मा, सगळं हातात द्यायचं. आणि हे ध्यान रोज स्वतःच्या लेकीला झापायचं.

लेक म्हणजे भिंगरी. तिला एडीएचडी होतं. डॉक्टरांनी नीट समजावलं होतं, पोर आळशी नाही, तिचं लक्ष मध्येच निसटतं. दात घासायला जाते, नळाच्या थेंबात रमते, ब्रश कोरडाच. दाजींनी समजल्यासारखी मान डोलावली आणि बाथरूमच्या दाराला आतून सूचनांचा भलामोठा तक्ता चिकटवला. भिंगरीनं त्यावरच्या सगळ्या आकड्यांना मिशा काढल्या.

आता शाळेचं मुक्कामाचं शिबिर आलं होतं. भिंगरीचा सगळा जीव त्यात. दाजी म्हणाले, "सांगितल्याशिवाय तोंड धुता येत नाही, आणि निघाली शिबिराला!"

"अगदी बरोबर," भिंगरीचा मामा म्हणाला. त्याचे हात शिवशिवायला लागले होते. "रविवारी बघूच. कुणी कुणाला सांगायचं नाही, द्यायचं नाही. आपलं आपण तयार व्हायचं. जमलं तर पोरगी जाईल. तुम्ही पण हां दाजी. तुम्हाला काय, डाव्या हातचा मळ!"

दाजी फुशारले आणि हो म्हणून बसले.

मामानं भिंगरीला बाजूला घेतलं. "तू काय कधीच विसरत नाहीस गं?"

"बूट. खाली खेळायला कशी जाणार नाहीतर?"

"मग?"

तिचे डोळे लुकलुकले. "मामा, ब्रश बुटात ठेवू?"

"डबीत घालून ठेव, माझे आई."

रविवारी मामानं ताईला चहा देऊन खुर्चीत बसवलं. दाजी शीळ घालत अंघोळीला गेले. भिंगरी उठली ती एका मुंगीच्या मागं थेट दारापर्यंत. तिथं बूट! पाय घातला, आत डबी. "अरे हो!" धावली बेसिनकडे. दात घासले, तोंड धुतलं. दुसऱ्या बुटात कंगवा. भांग वाकडा, कानामागं फेस, पण गडी तयार.

"अगं, टॉवेल!"

ताई अर्धी उठली. मामानं डोळ्यांनीच बसवलं.

"ऐकू येतंय का? टॉवेल!"

"दाजी, दाराला तक्ता आहे बघा. वाचा की."

"चष्मा बाहेर राहिलाय!"

ताईनं पदरात तोंड लपवलं. आयुष्यात पहिल्यांदा तिचा चहा गरम असताना संपत होता.

भिंगरी दारापाशी गेली. "बाबा, मी झाले तयार. कुणी सांगितलं नाही. जाऊ शिबिराला?"

आत नुसते दात वाजत होते. मग बारीक आवाज आला, "जा बाई. आणि तेवढा टॉवेल..."

"आणते हं!" पोरगी मनापासून धावली. पण वाटेत तीच मुंगी पुन्हा भेटली.

मामानं अजून अर्धा कप ओतून घेतला.