टेकडीमागचा थांबा

आकावाक बर्फात कुशीवर आडवा झाला, दातांनी डावा मोजा ओढून काढला आणि उघडी बोटं नर्सबाईंच्या स्नोमोबाईलखाली घातली. गाडीची मागची बाजू लाकडी खोक्यावर टेकवलेली होती, त्यामुळे ज्याच्या जोरावर ती बर्फातून धावते तो रुंद रबरी पट्टा खाली मोकळा लोंबत होता. तो किती लोंबला तर चालतं आणि किती लोंबला तर वाटेत दगा देतो, हे या किनाऱ्यावर सगळ्यात आधी त्याच्याच बोटांना कळलं होतं. बॅफिन बेटाच्या या टोकाला पहिली गाडी आली, तीही त्यानेच उघडून पाहिली होती.

"सैल," तो म्हणाला.

"मग घट्ट करा," ग्विन म्हणाली. ती दक्षिणेतून आलेली, हिवाळ्याच्या तोंडावर दवाखान्यात रुजू झालेली. "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

आकावाकला हे निम्मंच समजलं. त्याचं इंग्रजी गाडीच्या सुट्या भागांपुरतं होतं. त्याने मागचे दोन्ही बोल्ट पान्याने पिळले, इंजिन सुरू केलं, पट्टा हवेत फिरू दिला आणि मान वाकवून पाहिलं. खरी परीक्षा इथे असते. आतल्या दोन रुळांपासून पट्ट्याचं अंतर दोन्हीकडे सारखं हवं. तो एका अंगाला ओढला गेला की रुळावर घासतो, गाडी जड होते, आणि इंजिनाचा जोर पट्ट्यापर्यंत नेणारा बेल्ट तापून फाटतो. आकावाकने डोळे बारीक केले. पलीकडच्या कड्यावर बसलेला कावळा त्याला अजून स्वच्छ दिसायचा, पण हातभर अंतरावरचं सगळं गेल्या वर्षापासून दुधात बुडवल्यासारखं झालं होतं. त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि नेहमीसारखी मान हलवली.

"बरोबर आहे."

मग बॉनेट उघडून त्याने नवा बेल्ट चढवला. ते काम बोटांनीच होतं, त्याला डोळे लागत नाहीत. "नवा बेल्ट," तो तिला म्हणाला. "आधी हळू. मग जोरात."

मागे सिगारेट ओढत उभ्या असलेल्या दाढीवाल्या उलायुकने पट्ट्याकडे एकदा वाकून पाहिलं आणि नजर आपल्या बुटांकडे वळवली.

"आई, पुढची गाडी तुझी," आकावाक त्याला म्हणाला.

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा ग्विनला हसू आवरलं नव्हतं. पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. आकावाकची आई गेली त्याच थंडीत शेजारी मुलगा जन्मला आणि त्याला तिचं नाव ठेवलं. ज्याला तिचं नाव, तो आईच. म्हणून सत्तरीचा म्हातारा तिशीच्या पोराला आई म्हणायचा आणि ते पोर त्याला बाळ म्हणून हाक मारायचं. गावात कुणाला त्याचं काही वाटत नसे.

ग्विनने मासेमारीचं सामान मागे बांधलं. आज सुट्टी होती आणि तिला तळ्यावर एकटीने जाऊन यायचं होतं. एकटीने, हे तिने तीनदा सांगितलं.

"ग्विन," उलायुक म्हणाला.

"काय?"

त्याने आकावाककडे पाहिलं. आकावाक पाना पुसत होता.

"काही नाही. जपून जा."

ती गेली. आकावाकने उलायुकची गाडी खोक्यावर घेतली आणि काम करता करता तोंडही चालू ठेवलं. हल्लीच्या पोरांना दुकानातून गाडी आणता येते, पण पाना धरता येत नाही. मी मेलो की सगळे चालत जाणार शिकारीला. आणि आई, तूही त्यातलाच.

"हो रे बाळा," उलायुक म्हणाला. "तू आहेस म्हणून चाललंय आमचं."

काम झाल्यावर तो मान खाली घालूनच निघाला.

थोड्या वेळाने ऊलीपीकाने दार उघडून नवऱ्याला हाक मारली. चहासाठी तळ्याचा बर्फ संपला होता आणि नळाच्या पाण्याचा चहा तिच्या घशाखाली उतरत नसे. आकावाक निघाला. नेहमीची किनाऱ्याकडची वाट भरतीच्या पाण्याने चिखलासारखी झाली होती, म्हणून त्याने टेकडीला वळसा घातला. तिकडून तो या हिवाळ्यात गेलाच नव्हता.

टेकडीच्या मागे, जिथे गाव दिसेनासं होतं नेमकं तिथे, उलायुक बर्फात गुडघे टेकून बसला होता. त्याची गाडी मागून उचललेली, बोल्ट सैल केलेले. त्याच्या हातात पाना होता.

आकावाकने इंजिन बंद केलं.

"कुरकुरत होती जरा," उलायुक घाईघाईने म्हणाला. "म्हटलं बघावं."

आकावाकने आजूबाजूला पाहिलं. त्याला जवळचं दिसत नव्हतं, पण हे सगळं लांबूनच दिसण्याजोगं होतं. इथला बर्फ अंगणासारखा तुडवलेला होता. गुडघ्यांचे खळगे होते, जुने, नवे, मोठ्या माणसांचे, बायकांचे. तेलाचे डाग होते, सिगारेटची थोटकं होती. आणि गाडी ज्यावर टेकवली होती तो खोका उलायुकने बरोबर आणलेला नव्हता. तो इथलाच होता. बर्फात अर्धा रुतलेला, कुणीतरी हिवाळ्याच्या सुरुवातीलाच सोयीसाठी आणून ठेवलेला.

"सगळे?" त्याने विचारलं.

उलायुकने पाना या हातातून त्या हातात घेतला.

"हरवलेल्यांना शोधायला माणसं पाठवणारा जोआमी पण?"

"बाळा..."

"माझी गाडी दर आठवड्याला मागून नेतोस, ती इथेच आणून नीट करतोस ना?"

"तुला वाईट वाटू नये म्हणून रे. दुसरं काय?"

त्याहून वाईट वाटायला आता काही शिल्लक नव्हतं. आकावाकला आठवले ते दारात टिचभर कामासाठी थांबणारे लोक, त्यांनी आणलेलं सीलचं मांस, "तुमच्यासारखा हात नाही कुणाचा" म्हणत निघून जाणारे, आणि त्यांच्या मागे पाना नाचवत तो मारत असलेल्या बढाया. सगळं गाव त्याच्या दारातून हसत निघायचं आणि इथे येऊन गुडघे टेकायचं. बर्फाने तोंड उघडून आपल्याला गिळावं असं त्याला वाटलं. आणि सगळ्यात वाईट हे, की त्याला अगदीच ठाऊक नव्हतं असंही नाही. "बरोबर आहे" म्हणताना दर वेळी तो पुन्हा वाकून बघायचं टाळायचा आणि पुढच्या गाडीकडे वळायचा.

मग त्याला दुसरी गोष्ट सुचली.

"नर्स इथे थांबली होती?"

उलायुकचा चेहराच उतरला. "मला वाटलं, पुढे गाठून करून देईन. तुझ्यासमोर कसं सांगणार होतो मी? आणि नंतर ती दिसलीच नाही."

टेकडीमागे थांबायचं हे गावात कुणी कुणाला तोंडाने सांगितलेलं नव्हतं. ज्याचं त्याला कळलं होतं. दक्षिणेतल्या बाईला ते कोण सांगणार?

उलायुकची गाडी उघडी पडली होती, ती जोडण्यात वेळ गेला असता. आकावाकने आपली सुरू केली.

तळ्याची वाट सरळ होती आणि ऊन लख्ख होतं. त्याचे कान लाजेने जळत होते. तसल्या थंडीत अंगाचा दुसरा कुठलाही भाग गरम नव्हता. कदाचित आज पट्टा नीट बसला असेल, तो स्वतःला सांगत होता. एखाद्या वेळी बसतोही. कदाचित ती तळ्यावर मासे काढत बसली असेल आणि मला बघून हात करील. मग वाटेवर काळे ठिपके दिसायला लागले. आधी तुरळक, मग मूठभर, मग रबराच्या चिंध्या आणि दोऱ्यांचे झुपके. बेल्टची ही गत त्याने ओळखली. ती ओळखायला जवळून पाहावं लागत नाही.

ग्विन गाडीभोवती चकरा मारत होती, हात काखेत घालून. गाडी सोडून चालत निघाली नव्हती, एवढं कुणीतरी तिला शिकवलं होतं.

"माफ करा," तो उतरायच्या आतच ती म्हणाली. "माफ करा, तुम्ही इतकी छान करून दिली होती आणि मी वाट लावली. हळू म्हणाला होतात. मी हळूच चालवत होते, शपथ. पण झालं असेल माझ्याकडून काहीतरी. मला नाहीच जमत इथलं."

तो वाकून पट्ट्याखाली हात घालत होता. पट्ट्याची एक कड कात्रीने कापल्यासारखी झिजली होती आणि रुळावरची प्लॅस्टिकची पट्टी एका बाजूने वितळली होती. त्याने तोंड उघडलं नसतं तरी चाललं असतं. चूक तिने आपणहून उचलून घेतली होती, त्याने फक्त ती तिच्याकडेच राहू द्यायची होती.

"हात," तो म्हणाला.

तिने मोजे काढले. दोन बोटांची टोकं मेणासारखी पांढरी पडली होती. त्याने अंगरख्याची गाठ सोडली आणि तिचे दोन्ही हात आत, आपल्या उघड्या पोटावर ठेवून घेतले. तिचे दात वाजत होते. ती पुन्हा माफ करा म्हणाली.

त्याने एका हाताने छातीवरचा रेडिओ काढला. या वेळी प्रत्येक घराच्या स्वयंपाकघरात तो चालू असतो. उलायुकने एव्हाना सांगितलंच असणार. सगळे कान लावून बसले असणार.

"नर्स सापडली," तो आपल्या भाषेत म्हणाला. "तळ्याच्या वाटेवर. बोटं गारठलीत, पण जातील असं नाही. बेल्ट फाटलाय."

"शाबास!" जोआमीचा आवाज आला. गावातली शोधमोहीम त्याच्याकडे असे. "नवी माणसं अशीच. दामटली असेल."

"दामटली नाही. पट्टा मी वाकडा बसवला होता. मला जवळचं दिसत नाही."

मग जोआमी खाकरला.

"आकावाक, खरखर येतेय बघ. शेवटचं काही कळलं नाही."

"इकडेही खरखर," दुकानातली बाई म्हणाली.

"वारा असेल तिकडे," ही ऊलीपीका होती, त्याची स्वतःची बायको. "चहा टाकते. या दोघं लवकर."

वाऱ्याचं नाव नव्हतं. इंजिनाचा धूर उभाच्या उभा वर चालला होता. सगळं गाव वेड पांघरून पेडगावला निघालं होतं, आणि त्याच्यासाठी गाडीत जागा धरून ठेवली होती. फक्त चढून बसायचं होतं.

"काय म्हणतायत?" ग्विनने विचारलं. "रागावलेत का माझ्यावर?"

आकावाकने तिच्याकडे पाहिलं. इतक्या जवळून तिचा चेहरा नुसता गुलाबी ढग दिसत होता. या रेडिओची एक रीत आहे: एकाने बटण दाबून धरलं की तो सोडेपर्यंत बाकीच्यांना फक्त ऐकता येतं. त्याने अंगठा बटणावर रोवला आणि इंग्रजीत सुरुवात केली. ती भाषा गावात लहानथोर सगळ्यांना कळायची, त्याला एकट्यालाच ती धड येत नव्हती.

"पट्टा, मी केला. वाकडा. डोळे खराब, माझे. बेल्ट जळला, मी. तू नाही."

"पण तुम्ही तर सगळ्या गावाच्या गाड्या करता."

"हो. मग सगळे टेकडीमागे थांबतात. परत नीट करतात. मग जातात."

तिला समजायला वेळ लागला.

"म्हणजे सगळ्यांना माहीत होतं?"

"सगळ्यांना. मला पण, थोडं."

"आणि मला कुणीच सांगितलं नाही?" तिचा आवाज चढला. "एकानेही? मी त्यांच्या घरची बाळंतपणं करते इथे. नावानिशी ओळखते मी प्रत्येकाला. आणि मला असं जाऊ दिलं?"

आकावाकचा अंगठा अजून बटणावर होता. विसरून राहिला नव्हता. त्याने तो आता उचलला आणि रेडिओ दोघांच्या मध्ये, तिला ऐकू येईल असा धरला.

खरखर अजिबात नव्हती. कुणी बोलतही नव्हतं.