विषय क्रमांक दोन

नगरपरिषदेच्या सभेची विषयपत्रिका टाइप करायची आणि सभेत बसून इतिवृत्त लिहायचं, हे तिचं काम. वय तिशीचं, पण ऑफिसात लागली त्या दिवसापासून सगळे तिला बाईच म्हणायचे. अकरा वर्षांत तिला एक गोष्ट पक्की कळली होती, की सभा चहापर्यंतच चालते. दहाव्या विषयाला चहा-बिस्किटं येतात. मग कुणाचा फोन वाजतो, कुणाला अचानक पाहुण्यांची आठवण होते, खुर्च्या एकेक करून रिकाम्या पडतात. शेवटी अध्यक्ष डोकी मोजतात आणि म्हणतात, "गणपूर्ती नाही. उरलेलं पुढच्या सभेत."

नाल्यावरच्या छोट्या पुलाचा विषय सतरावा होता. चौदा महिने तो सतरावाच होता.

तो पूल तिच्या ताईच्या घरासमोरचा. पुरात गेला, दोन खांब तेवढे उरले. आता लोक आठ दगडांवरून ये-जा करतात. ताईही करते, पाठीवर भिंगरीला घेऊन.

भिंगरी ही ताईची मुलगी. पोटात असताना इतकी गरगर फिरायची की नाव तेव्हाच पडलं. जन्मल्यावर पाय मात्र फिरले नाहीत. आता ती अकरा वर्षांची होती, आणि अंगापिंडाने आईवर गेलेली. शाळेने दिलेली चाकांची खुर्ची अलीकडच्या काठावर दिव्याच्या खांबाला सायकलच्या कुलपाने बांधलेली असायची. ताई रोज सकाळी भिंगरीला पाठीवर घेऊन नाला ओलांडायची, तिला खुर्चीत बसवायची आणि शाळेपर्यंत ढकलत न्यायची. भावोजी ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. लांबचा रस्ता साडेचार किलोमीटरचा, मध्ये रेल्वेचं फाटक आणि अंगावर येणारे ट्रक. तिथून खुर्ची न्यायची म्हणजे जिवाशी खेळ.

गेल्या महिन्यात ताईच्या कंबरेने बोलायला सुरुवात केली.

"डॉक्टर म्हणाले, भरलेल्या बादलीपेक्षा जड काही उचलायचं नाही."

"मग गं?"

"मग काय. भिंगरी विचारते, आई, मी दोन बादल्या आहे की तीन." ताई हसली आणि हसता हसता तिने कंबरेवर हात ठेवला. "हे वर्ष ओढते कसंबसं. पुढे नाही व्हायचं, छोटे. घरीच ठेवीन तिला. तुमच्या सभेत आहे ना तो विषय?"

"आहे."

"मी सांगते तिला दर महिन्याला, पुढच्या सभेत होईल म्हणून. तेवढ्यावर पोर खूश असते."

विषयांचा क्रम ठरवायचा ऑफिसातल्या मोठ्या साहेबांनी. पण सही करताना साहेब फक्त शेवटचं पान बघायचे. या खेपेला पत्रिका टाइप करताना तिने सतराव्या नंबरची ओळ उचलली आणि दुसऱ्या नंबरवर ठेवली. पहिला विषय मागचं इतिवृत्त कायम करण्याचा, म्हणजे खरा पहिला हाच. लहानपणी ताईसाठी डब्यातली साखर चोरायची, तशी गुपचूप. संध्याकाळी तिने फोन केला.

"ताई, या वेळी नंबर लागतोय."

सभा अकराला सुरू झाली. सगळे ताजेतवाने, कपड्यांच्या इस्त्र्या अजून मोडलेल्या नव्हत्या. तिने विषय वाचला.

"हा कुठला पूल?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाल्यावरचा, साहेब," इंजिनिअर म्हणाले. "वाहून गेलेला."

"गेलेल्याला परत कशाला बोलावता," मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं. सभागृह हसलं.

"माझ्या वॉर्डात गटाराला झाकण नाही," एक सदस्या म्हणाल्या, "आणि यांना पूल हवेत."

इंजिनिअरनी घसा साफ केला. "तसं त्या जागी विकास आराखड्यात मोठा पूल दाखवलाय."

"कधी होणार?"

"आराखड्यात आहे."

"आहे ना? मग छोटा बांधून पुन्हा पाडायचा कशाला. त्या वॉर्डाचे सदस्य काय म्हणतात?"

सगळ्यांनी एका खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती.

तिची नजर समोरच्या हजेरीपुस्तकावर गेली. त्या सदस्यांच्या नावापुढे, येण्याच्या वेळेच्या रकान्यात, तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: अकरा चाळीस. अकरा पस्तीस. अकरा पन्नास. ते नाल्यापलीकडे राहायचे. पूल नाही म्हणून स्कूटरवर लांबून यायचे आणि दर वेळी फाटकाला अडकायचे. चौदा महिने ती स्वतः ही वेळ लिहीत होती. विषय वर घेताना नेमकी हीच गोष्ट तिच्या डोक्यात आली नाही.

ती अर्धवट उठली. "साहेब, ते येतच असतील. जरा थांबलो तर..."

सभेत ती कधी बोलत नसे. अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. रागाने नाही, नुसतंच.

"बाई, तुम्ही लिहा." मग सभागृहाकडे वळून, "कुणाचं अनुमोदन? नाही. नामंजूर. पुढचा."

नामंजूर झालेला विषय दोन वर्षं सभेपुढे आणता येत नाही. जो विषय सभेपर्यंत पोचतच नाही, तो मात्र आपोआप पुढच्या सभेत जातो. सतराव्या नंबरवर का होईना, पूल जिवंत होता. तिने लिहिलं, "सर्वानुमते नामंजूर." अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं, याचं तिला वाईट वाटलं.

चौथ्या विषयाला ते सदस्य आले. मानेचा घाम पुसत, काखेत फुगलेली फाईल.

"फाटक," ते सगळ्या सभागृहाला उद्देशून म्हणाले. कुणी वर पाहिलं नाही. सहीसाठी वाकले तेव्हा हळूच म्हणाले, "बाई, पत्रिका बघायची राहिलीच. आज आपला विषय चहाच्या आधी येतोय का बघा की. फोटो आणलेत. भिंगरीचाही आहे, आईच्या पाठीवरचा."

तिने इतिवृत्ताची वही त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी वाचलं. चष्मा काढला, पुन्हा घातला.

"वर कुणी घेतला हो?"

ते तिच्याकडे बघत राहिले, मग फाईल मिटली.

"चांगल्यासाठीच घेतला असेल कुणीतरी," ते म्हणाले आणि सही केली. तिने पुढच्या रकान्यात वेळ लिहिली. अकरा बेचाळीस.

अर्धी रजा टाकून ती शाळा सुटायच्या वेळी नाल्यावर गेली. ताई खुर्ची खांबाला बांधत होती. भिंगरी काठावरच्या दगडावर बसली होती, दप्तर मांडीवर घेऊन.

"मावशी, कितवा होता आपला नंबर?"

"दुसरा."

"दुसरा? म्हणजे पोचला की."

"पोचला."

ताईने बहिणीच्या चेहऱ्याकडे एकदाच पाहिलं आणि कुलपाशी खटपट करत राहिली.

"मग बांधणार?"

"नाही गं, राणी."

भिंगरीने दप्तराचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला. "मग पुढच्या सभेत?"

हो म्हणायची तिला इतकी सवय होती की शब्द ओठांपर्यंत आला. तो गिळून ती उकिडवी बसली. "चल, आज माझ्या पाठीवर ये."

पूल गेल्यापासून तिने भाचीला नाल्यापार कधी नेलं नव्हतं. दुसऱ्या दगडावर दम लागला. चौथ्यावर थांबावं लागलं, आणि ताई हे रोज दोनदा करते, हे तिला पहिल्यांदा कळलं.

"मावशी, मी तीन बादल्या आहे ना?"

"दीड," ती म्हणाली.

मागे कुलूप उघडल्याचा आवाज आला. तिला वळता येईना.

"तुम्ही व्हा पुढे," काठावरून ताई म्हणाली. "मी खुर्ची शाळेला परत करून येते. इथे उगाच गंजेल."

भिंगरीचे हात मावशीच्या गळ्याभोवती घट्ट झाले. अजून चार दगड होते.